मोकळी टाच

प्रिय गुनलाइक,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट आधी खिडकीत ठेवशील, मग कॉफी ओतशील आणि मगच ते फोडशील, हे मला इथे बसून दिसतंय. घाई करणं तुला कधी जमलंच नाही. म्हणून बातमी आधीच सांगून टाकते: बासष्टाव्या वर्षी मी टेलेमार्क शिकतेय, तुझं ते मोकळ्या टाचेच्या स्कीवरून डोंगर उतरणं. हसून घे. आमची सगळी दरी हसून दमलीय, तूच तेवढा राहिला होतास.

आता मला स्की येत नाही असं काही नाही. शाळेत, दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे आपण स्कीवरूनच तर जायचो. पण ते सपाटीवर. उतारावरून येताना एक पाय पुढे सारायचा, मागची टाच उचलायची, मागचा गुडघा बर्फाला लागेल-न-लागेल इतका खाली न्यायचा आणि त्यातच वळायचं, हे मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. का केलं नाही, ते आपल्याला माहीत आहे असं तुला वाटतं. तुला अर्धंच माहीत आहे, पण त्याकडे नंतर येते.

जानेवारीत मी उताराच्या पायथ्याशी स्की भाड्याने देतात तिथे गेले. तिथे सिन्नेवा नावाची सव्वीस वर्षांची पोरगी आहे, तीच शिकवते. मी बाबांनी शिकवलं होतं तसं केलं: भिंतीला टेकून उभी राहिले, हात सरळ वर केला आणि मनगटाला लागेल अशी जोडी उचलली. सिन्नेवाने माझ्याकडे पाहिलं, मग स्कीकडे. म्हणाली, “अगं हेगे, तुला डोंगर उतरायचाय की होडी वल्हवायचीय?” म्हटलं, “आमच्याकडे असंच मोजतात.” तर म्हणते, “तुमच्याकडे सरळ जायला मोजतात. तुला वळायचंय ना? मग कपाळापर्यंत. एक बोटही जास्त नाही.” माझ्या हातातली जोडी काढून तिने दुसरी दिली, तर ती मला लहान मुलाची वाटायला लागली.

बुटांवरून तर आमचं भांडणच झालं. माळ्यावरचे चामडी बूट मी तेल लावून मऊ करून आणले होते. पहिल्याच वळणाला घोटा असा लटपटला की मी तोंडावर पडले. मग तिचे प्लास्टिकचे घेतले, बोटांवर चुण्या असलेले, म्हणजे बूट चवड्यावर तेवढा वाकतो, बाकी घट्ट. तिथेही मी आपल्या सगळ्यांसारखी एक नंबर मोठा मागितला, आत लोकरीचे दोन मोजे मावावेत म्हणून. “एकच मोजा,” सिन्नेवा म्हणाली, “आणि तोही पातळ. पाय आत हलला तर स्कीला कळणार कसं तुला काय हवंय ते?” साठ वर्षं मी एक नंबर मोठ्या बुटात काढली रे, आणि कुणी बोललं नाही!

पडले किती ते विचारू नकोस. डावी मांडी ईस्टरच्या अंड्यासारखी रंगीत झाली होती. सगळं वजन पुढच्या पायावर टाकून मागचा नुसता ओढत न्यायचा, ही माझी खोड काही केल्या जाईना. सिन्नेवा खालून ओरडायची, “मागचा पाय, हेगे! तो काय सामान आहे का? त्याच्यावर उभी राहा!” तीन आठवडे ओरडत होती बिचारी. चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी मागच्या पायाच्या चवड्यावर खरंच वजन आलं आणि स्की आपण होऊन वळली. मी तिथेच थांबून मोठ्याने रडले. सिन्नेवाला वाटलं माझं काहीतरी मोडलं.

आता त्या दिवसाचं. ईस्टरच्या आदल्या शनिवारचं. आपण बावीस वर्षांचे होतो आणि आठ जण तुमच्या दरीत उतरणाऱ्या त्या राक्षसिणीच्या उताराच्या माथ्यावर उभे होतो. तुझ्या पाठपिशवीत संत्री होती. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, “खाली ये, मग तुला एक विचारायचंय.” आणि निघालास. तुझी ती एकच लांब काठी, ते सावकाश झुकणं, पुन्हा उठणं, सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. खाली बर्चच्या झाडापाशी थांबून तू वर पाहिलंस. बाकीची पोरं चिडवत होती, “टेक गुडघा, हेगे, टेक!” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी कुणापुढे गुडघे टेकत नाही!” आणि मागे फिरून घरी आले.

नंतर तुला सांगितलं, बर्फ भुसभुशीत होता, तो सुटून अंगावर येण्याची भीती होती. डोंगराचे नियम आपल्या शाळेच्या भिंतीवरच लावलेले होते, आणि वेळेवर मागे फिरण्यात लाज नाही, हे त्यातच होतं. त्या नियमाच्या आड मी चाळीस वर्षं लपले. आपल्या माणसांत हे फार सोपं असतं, कारण मागे फिरलेल्याला आपल्याकडे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. तूही विचारला नाहीस. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तू त्या झाडापाशी उभा होतास, हे मला तुझ्या बहिणीने, ग्रोने, फार उशिरा सांगितलं.

बर्फ चांगला होता, गुनलाइक. कितीतरी वर्षं मी स्कीला दोष दिला, की बाबांच्या त्या लांबलचक पट्ट्या, त्यांनी कोण वळणार? यंदा बरोबर मापाच्या स्की मिळाल्या, बरोबर मापाचे बूट मिळाले, तरी माथ्यावर गेल्यावर मागेच फिरावंसं वाटलं. म्हणजे दोष सामानाचा नव्हता. मला उताराची भीती होती, आणि उतारापेक्षा तुझ्या प्रश्नाची जास्त. ‘हो’ म्हणायचं म्हणजे डोंगरापलीकडे जायचं, तुझ्या मेंढ्या, तुझ्या आईचं स्वयंपाकघर, तुमचं ते जेवताना अवाक्षर न बोलणं. पुढे तोर्गायरने मला विचारलं ते बसमध्ये, स्वतःच चालवत होता तेव्हा. मला जागचं उठावंसुद्धा लागलं नाही. भला माणूस होता, त्याच्याशी केलेल्या संसाराचा मला पस्तावा नाही. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तू लग्न केलं नाहीस ते माझ्यामुळे, असा मान मी घेत नाही. तुला मेंढ्या आणि शांतता पुरत होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नववर्षानंतर ग्रो दुकानात भेटली. म्हणाली, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेंढ्या देऊन टाकल्यास, आणि एप्रिलच्या शेवटी तू शहरात, शीएनला राहायला जाणार. तिसरा मजला, लिफ्ट आहे, समोर गाड्या लावायची जागा दिसते. मी तिच्यापुढे छान छान म्हणाले. दूध घ्यायला गेले होते, ते तसंच विसरून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिन्नेवाच्या दारात हात वर करून उभी होते.

तर ऐक. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी डोंगरावरून तुझ्याकडे येतेय. गाडीने तासाभरात पोचता येतं, हे मला सांगू नकोस. गाडीने मी तुझ्या आईच्या मातीला येऊन गेलेय. सिन्नेवा माथ्यापर्यंत सोबत येईल आणि बर्फ नीट तपासल्याशिवाय मला सोडणार नाही. शनिवारी वाईट असला तर रविवारी येईन, सोमवारी येईन, बर्फ उरेल तोवर रोज माथ्यावर येईन. मागच्या आठवड्यात निम्म्या उतारावरून आले, अकरा वळणं घेतली, दोनदा पडले. पडले तर उठते, तेवढ्यासाठी वर येण्याचा वेडेपणा तू करू नकोस. काठी घेऊन सावकाश त्या बर्चपाशी ये आणि उभा राहा, एवढंच हवंय. त्यासाठीच हे पत्र लिहिलं. संत्री मी आणते. तेव्हा तुला जे विचारायचं होतं ते आठवत असेल तर विचार. विसरला असशील, किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला असलं काही विचारवत नसेल, तरी हरकत नाही. मग मी विचारीन. तुझा गुडघा आता वाकत नाही, ग्रोने सांगितलंय. माझा वाकतो.

तुझीच,
हेगे