पल्लवीच्या कानांची भोकं

केशोरी, रविवार, दिवेलागण

पल्लवी पुण्याहून आली ती हनुवटीवर गोंदून आणि कानाच्या पाळ्यांना माझं बोट आरपार जाईल एवढी भोकं करून. मी आधी तिच्या डोक्याला हनुवटीसकट ओढणी गुंडाळली आणि शेतात धानाच्या रोवणीला आलेल्या बायांना सांगितलं, पोरीचा कान फुटलाय. काऊन सांगितलं असेल मी असं? आई ना मी तिची?

दुपारी रोवणीतल्या म्हाताऱ्या सोमाबाई लसणाचं तेल कोमट करून हजर. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी ओढणी सोडलीसुद्धा. मग भोकात बोट घातलं, आरपार.

"काऊन लपवून राहिली वो बाई? माह्या मायचे कान असेच होते."

तशाच घरी गेल्या, मायच्या कानातल्या जाड चांदीच्या खुंट्या घेऊन आल्या. लेकीसुनांच्या कानांत कधी न गेलेल्या त्या खुंट्या पल्लवीच्या भोकांत अशा बसल्या की सोमाबाई पाहतच राहिल्या.

"रोवणी होईपर्यंत घाल पोरी. मले पाहू दे."

उद्या बांधावर जेवण पल्लवीच नेणार, उघड्या डोक्यानं. तेल वाया कशाला घालवायचं, मी गुडघ्यांना चोळलं. आता अंगभर लसणाचा वास येतोय. खोटं बोलल्याची एवढीच शिक्षा असेल तर चालेल.