पातेल्यातली किल्ली

तायाबास, १९ नोव्हेंबर

प्रिय मिरासोल,

तुझा गुडघा कसा आहे? खोबरेल कोमट करून चोळतेस ना? तुझ्या खोलीतल्या रोसेल्डाचा खोकला थांबला का? आणि ज्या आजीबाईंना तू सांभाळतेस, त्यांच्या पोटात चार घास जातात का? इथे तुझ्या लिगायावहिनीला सर्दी आहे. तुझा भाऊ दिओ ठीक, तोंड तेवढं फुगलेलं आहे. तुझी लुवी ठणठणीत. पुढचा दात पडला, त्या फटीतून दिवसभर शीळ घालते. फक्त तिची बॅग भरून दाराशी ठेवलीय. ती कुणाच्या सांगण्यावरून भरली, तेही मला ठाऊक आहे.

वादळाची हकीकत दिओनं तुला फोनवर सांगितली, पण अर्धीच. राहिलेली माझ्याकडून ऐक. चूक माझीच होती, ते आधी लिहिते. सुट्टी लागली होती, व्हिनेगरातल्या कोंबडीचा अदोबो पातेलंभर शिजला होता, आणि इशारा एक नंबरचा. एक नंबर म्हणजे आपल्याकडे बालवाडी बंद, एवढंच. मी म्हटलं, आपण काय बालवाडीत आहोत? तुझ्या वडिलांची जीपनी काढली आणि दाएतच्या समुद्राकडे निघालो. कालावागपर्यंत एकाचे तीन नंबर झाले. पाऊस इतका आडवा, की काचेपुढचं काही दिसेना. एक शाळा दिसली, तिच्या आवारात गाडी घातली. वर्गात तीसेक माणसं आधीच होती. चार तास पत्रे किंचाळत होते.

मग वारा एकदम पडला. ऊन पडलं. लोक बाहेर येऊन ओले कपडे पिळू लागले. एक लाल व्हॅन निघालीसुद्धा. दिओ म्हणाला, “इनाय, किल्ली दे. दोन तासांत समुद्र.” मी मैदानाकडे पाहिलं. समुद्रपक्षी चिखलात बसले होते, माणसं जवळून गेली तरी उडत नव्हते. तुझे वडील म्हणायचे, वारा उलट्या बाजूनं येऊन जाईपर्यंत वादळ संपलं असं समजायचं नाही. मी किल्ली अदोबोच्या पातेल्यात टाकली, वर झाकण लावलं आणि त्यावर बसले. लिगाया म्हणाली, “आई, सगळे बघताहेत हो.” म्हटलं, बघू देत, तिकीट नाही लावलेलं. दिओ ओरडला, “वय झालंय तुझं, डोकं फिरलंय.” तेव्हा लुवी येऊन माझ्या मांडीवर बसली आणि म्हणाली, “मामा, आता दोघींना उचल.”

अर्ध्या तासानं उलटा वारा आला. शाळेचं निम्मं छप्पर गेलं, पण आमचा कोपरा राहिला. परतताना ती लाल व्हॅन भातशेतात आडवी दिसली. माणसं वाचली, नारळाला मिठ्या मारून. दिओनं ती मागे वळून वळून पाहिली. किल्लीला अजून व्हिनेगरचा वास आहे.

तर आता मुद्द्याचं. इनायच्या हाती पोर सुरक्षित नाही, डिसेंबरात तुझी नणंद लुवीला मनिलाला नेईल, असं तू दिओला कळवलंस. मला नाही. मिरासोल, मी पोरीला वादळात नेलं हे खरं, आणि वादळातून परत आणलं हेही खरं. तुझी नणंद आली तर भात वाढीन, पलंग देईन, लुवी देणार नाही. बॅग मी आजच रिकामी करतेय. पोर न्यायचीच असेल तर तू ये. तू परदेशी गेल्याला सहा वर्षं झाली, माझ्या शेजारची पुढची सीट मी कुणाला दिलेली नाही. पुढच्या सुट्टीत आम्ही त्याच समुद्रावर जाणार आहोत, मीच चालवणार आहे. म्हातारीला गाडी जमत नाही असं म्हणायचं असेल, तर त्या सीटवर बसून म्हण. उत्तर लवकर लिही, आणि दिओला नको, मला लिही.

तुझीच आई, झाकणावरून न उठणारी,
इनाय