दाराजवळची जागा

३ एप्रिल १९९८

सरकार आणि विरोधकांमधलं युद्ध थांबून वर्ष होत आलं. गावच्या समेट समितीच्या खोलीमागे कालवा. लहानशा लोखंडी फाटकाच्या वरच्या अंगाला पाणी, खाली आमची कोरडी शेतं. मग फाटक उघडत का नाही? राजधानीहून, दुशान्बेहून, इतिहासाची पदवी घेऊन आले — घरात पहिलीच. आई म्हणते, "एवढं शिकलीस, सडबर्ग, नि एक फाटक कळत नाही?"

फाटकाला दोन कुलुपं. एक किल्ली सरकारकडच्या कमांडर हकनजरकडे, दुसरी विरोधकांच्या सफोल्दीनकडे. समेट समितीत एकमत झालं की दोघांनी मिळून उघडायचं. मी समितीची चिटणीस. गाव उभं करणार आहे मी!

७ एप्रिल

पहिली बैठक. दारापासून सगळ्यांत लांबची गादी मानाची. दोघंही तिथंच बसले — मांडीला मांडी लावून!

"सरक ना दाराकडे. डोंगरात राहिलायस, वाऱ्याची सवय आहे तुला."

"तूच जा, हकनजर. पळायला सोपं पडेल."

नान आधी कुणाला द्यायची, म्हणून ती मोडलीच नाही. बैठक तहकूब.

११ एप्रिल

मी गोल बसायचं सुचवलं. गोलालाही दार असतं, हे पदवीत शिकवलं नव्हतं.

समितीच्या अध्यक्षांनी निदान किल्ल्या मागितल्या. हकनजर म्हणाला, "ती माझ्या बुटात आहे. हात घालून बघा!" सफोल्दीन लगेच, "माझीही बुटातच!"

१२ एप्रिल

गहू पिवळा पडतोय. आई म्हणाली, "पीक गेलं तर पुन्हा गाव सोडायचं. या खेपेला मी परत येणार नाही." आवाज चढवला नाही तिनं. त्याचीच भीती वाटली.

१५ एप्रिल

आज जेवण. ओशचं, म्हणजे मांस घातलेल्या भाताचं, ताट मधे, आणि पहिला घास कुणाचा यावर जुंपली. दाराजवळची जागा कुणालाच नको, म्हणून ती नेहमी माझी. शेजारी सगळ्यांचे बूट. गालिच्यावर बूट चालत नाहीत, कमांडर असला तरी!

म्हटलं, "चहाला पाणी आणते." कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

१६ एप्रिल

गव्हात पाणी. आई चिखलात अनवाणी उभी, हसतेय! हकनजर सांगत फिरतोय, "मी उघडलं." सफोल्दीनही तेच. किल्ली गेली म्हणायची दोघांनाही लाज.

पुढच्या बैठकीत नवी कुलुपं मागतील. मागू देत. जुनी, किल्ल्यांसकट, कालच कालव्यात टाकली — आणि फाटकही बिजागरीतून काढून त्यांच्या मागोमाग ढकललं.