चहावरचा तवंग

आई,

मुंबईच्या बदलीचं ऑफिसला सोमवारी कळवायचं आहे, आणि माझं उत्तर काय असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. धरणारच. संधी मिळाली की मी मुंबईला परत जाणार, हे टुमणं मी इतकी वर्षं लावलंय. माझा जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, नोकरी गुरुग्रामची. तरी मी 'परत' म्हणतो आणि कुणी हटकत नाही. टुमणं मूळचं तुझं आहे. तू गेलीस आणि ते माझ्याकडे आलं.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर आठवतं. तू ओट्याशी उभी आहेस. कुकरच्या शिट्ट्या कधीच्या होऊन गेल्यात, आणि झाकण उघडून तू तूरडाळीकडे अशी बघतेस, जणू तिने तुझ्याशी दगाफटका केलाय. डाळ अजून बोटचेपी झालेली नाही. "पाणीच जड मेलं इथलं," तू म्हणतेस. शेजारच्या पंजाबी आंटी दारातूनच सांगतात, "बहनजी, चुटकी भर सोडा डालो, सब गल जाएगा." तू "हां, हां, बिल्कुल" म्हणून गोड हसतेस आणि त्यांची पाठ वळल्यावर मला म्हणतेस, "वरणात सोडा! उद्या श्रीखंडात घालायला सांगतील." अंगाच्या साबणाला फेस येत नसे, शिकेकाईने केस राठ होत, बादलीच्या कडेला पांढरे थर बसत आणि तू ते लिंबाच्या सालीने घासत बसायचीस. नळ सोडला की गोड पाणी येतं, हा मुंबईत वाढलेल्या तुला जगाचा नियम वाटायचा. दिल्लीने तो मोडला, आणि ते तू तिला कधी माफ केलं नाहीस.

म्हणून तर तो कॅन. मे महिन्यात माहीमला मावशीकडे राहून परतताना सगळी माणसं आंबे आणतात. आपल्या सीटखाली आंब्यांच्या पेटीशेजारी नळाच्या पाण्याचा कॅन असायचा, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेला. बाबा डब्यातल्या लोकांना सांगायचे, "लोग गंगाजल लाते हैं, हमारी मैडम नल का जल लाती हैं." तू खिडकीकडे तोंड फिरवायचीस. घरी आल्यावर त्या पाण्यात एकदा वरण व्हायचं, आणि उरलेल्याचा तू फक्त स्वतःपुरता चहा करायचीस. दुपारी, एकटी, मोरीकडे पाठ करून. आम्हा मुलांना तेव्हा चहाची बंदी होती. त्या कपात काय असतं हे मला कधी कळलंच नाही.

मला चहा मिळाला तो दहावीच्या वर्षी. जानेवारीतलं दिल्लीचं धुकं, अंगावर रजई, पुढ्यात भूमितीचं पुस्तक, आणि तू कप घेऊन येतेस. आलं ठेचून, गवती चहाची पात घालून, साखर पाण्यातच उकळून केलेला चहा. वर एक काळपट, फाटका तवंग. कप ठेवताना तू दर वेळी तेच म्हणतेस, "आज काही जमला नाही हं. पाणीच तसलं. तिकडे राहायला गेलो की तुला खरा चहा पाजीन." मला तो चांगलाच लागायचा. मी तसं म्हटलं की तू म्हणायचीस, "तू अजून प्यायलास कुठे?"

पुढे माझे क्लासेस, बाबांच्या ऑफिसची कामं, मुंबई दर वर्षी पुढे ढकलली गेली आणि कॅनही बंद झाला. बाबांच्या निवृत्तीनंतर कायमचं जायचं हे मात्र पक्कं होतं. पडदेसुद्धा तू तिकडच्या खिडक्या डोळ्यांसमोर आणून शिवलेस. मग मी कॉलेजात असताना ऐन थंडीत तू गेलीस. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मुंबईचं नावच काढलं नाही, आणि पडदे कुठे गेले ते मलाही माहीत नाही. मी मनाशी धरलं ते एवढंच, की तो खरा चहा राहिलाय. नंतर मुंबईला गेलो नाही असं नाही, पण हॉटेलात उतरायचं, मशीनचा चहा प्यायचा आणि विमान पकडायचं. मावशीचीही मुलीकडे बंगलोरला ये-जा असायची.

मागच्या आठवड्यात मात्र नवं ऑफिस बघायला गेलो आणि थेट माहीम गाठलं. मावशी आता काठी घेऊन चालते. म्हटलं, "मावशी, आईच्या पद्धतीचा चहा करशील?"

"अरे, दुसरी पद्धत येते कुणाला? दोघींना आईनेच शिकवलाय." तिने आलं ठेचलं, गवती चहा कात्रीने कापला, साखर पाण्यात टाकली. तुझ्यासारखंच मनगट वळवून गाळला. कप हातात घेतला. सुरेख रंग, वर काही नाही, कडेपर्यंत स्वच्छ. पहिला घोट घेतला. हलका, सुगंधी, उत्तम चहा.

आणि तो तुझा नव्हता.

"हाच ताईचा चहा. एक थेंब इकडचा तिकडे नाही," मावशी म्हणाली. मी म्हटलं, "मस्त झालाय," आणि सगळा प्यायलो. ज्या चहासाठी तू अर्धं आयुष्य झुरलीस, तो मी पीत होतो आणि तुला त्यात शोधत होतो. टॅक्सीत बसल्यावर मला रडू आलं. तू गेल्यावर इतकं आलं नव्हतं.

आज शनिवार. दुपारी मी आमच्या इथल्या ओट्याशी उभा राहिलो. आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं, लक्ष्मीबाई नगरपेक्षाही जड. शॉवरची भोकं महिनाभरात बुजतात. प्यायला पाणी हलकं करणारा आरओ आहे, आणि मावशीच्या चहासारखाच चहा आमच्याकडे रोज होतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी पातेलं साध्या नळाखाली धरलं. तुझी नात ओरडली, "बाबा, यार, ते नळाचं आहे! आरओ ह्या साइडला आहे."

"माहितेय."

तिने कपात डोकावून पाहिलं. "हे वरती काय आलंय? मलाई?"

"तवंग."

"म्हणजे?"

तिला शब्द माहीत नव्हता. मी खिडकीशी जाऊन घोट घेतला. मचूळ, जड, आल्याचा तिखटपणा अर्धा मेलेला. रजई, भूमिती, धुकं आणि दारात तू. "आज काही जमला नाही हं." जमला होता, आई. दर वेळी जमला होता.

तुझी सून म्हणाली, "सोमवारी हो म्हणून कळवायचं ना?" मी नाही म्हटलं.

तू असतीस तरी हे पत्र तुला पाठवलं नसतं. तुझ्या पाण्याला नावं ठेवल्यासारखं झालं असतं, आणि तुझं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नसतं. मला मुंबईला तुझ्याबरोबर जायचं होतं. दुसरा कपही मी नळाच्याच पाण्याचा केला.