कानामागचं कुंकू

प्रिय ताई,

उद्या माझी साक्ष आहे. आपले वकील म्हणाले, "समोरचे तुम्हाला निर्लज्ज ठरवतील, चिडू नका." चिडू नका? ऐकल्यापासून भांडी आपटतेय. आईने शेवटी हातातला तवा काढून घेतला, म्हणून तुला लिहायला बसले.

तुझा नवरा कंपनीत सुपरवायझर. शिव्यासुद्धा इंग्रजीत! शेमलेस म्हणून थोबाडीत, ब्रेझन म्हणून पट्टा. आणि तू मार खाऊन मोबाइलवर त्याच शब्दांचे अर्थ शोधायचीस!

"सुमे, ब्रेझन म्हणजे पितळेचा गं. पितळेच्या तोंडाला कसली लाज? इम्प्युडंट लॅटिनमधून आलाय, लाज न वाटणारा. आणि बेअरफेस्ड म्हणजे आधी नुसता तोंड न झाकलेला. निर्लज्ज मागाहून झाला बिचारा."

तू हसायचीस, मला संताप यायचा. अगं, अर्थ कसले शोधतेस, पोलीस चौकी शोध की!

गाडीवर स्कार्फ आपण सगळ्याच बांधतो, धुळीसाठी. तू वळ झाकायला बांधायचीस. त्या रविवारी मात्र चाकणहून कासारवाडीपर्यंत उघड्या तोंडाने आलीस. अख्ख्या गल्लीने तुझे गाल पाहिले. मग परत कशाला गेलीस गं?

दुसऱ्या दिवशी तुझ्या सासरहून फोन आला, जिन्यावरून पडली म्हणून.

आम्ही पोचलो तर तुला तिरडीवर ठेवलेलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, मळवट, सगळं केलेलं. सासूची नुसती घाई. पण मळवट कपाळावर भरतात ना? तुझं कुंकू पार कानामागे थापलं होतं! मी तांब्यातल्या पाण्याने ते पुसलं. खाली कवटी फुटलेली होती, नट आवळायच्या पान्याच्या तोंडाएवढी खाच पडलेली. जिन्याला काय पान्यासारखं तोंड असतं?

"सवाशिनीचं कुकू पुसती? लाज न्हाई व्हय गं तुला?" सासूने माझ्या झिंज्या धरल्या.

"नाही!" मी तिच्या हाताला कडकडून चावले आणि तिरडीला मिठी मारली. तुझ्या नवऱ्याने लाथा घातल्या, बरगडी मोडली. पोलीस येईपर्यंत मी तुला सोडलं नाही.

त्याचं डोकं फोडावंसं वाटतं, ताई. रोज वाटतं. पण उद्या मी हात आवरीन. कोर्टाच्या दारात गाडी लावून स्कार्फ सोडीन आणि तुझ्यासारखी उघड्या तोंडाने आत जाईन. लाज नाही का, असं विचारलं तर नाही म्हणेन. आणि कुंकू कुठवर थापलं होतं, ते माझ्याच कानामागे बोट ठेवून सगळ्यांना दाखवीन.

तुझी बेशरम,
सुमी