कोऱ्या कोपऱ्याच्या चिठ्ठ्या

…हंडा चिंचेने घासून झाला होता, तांदूळ निवडून सुपात ठेवले होते आणि घरकामाला असणारी कुसाबाई अंगणात सडा टाकत होती. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. तेवढ्यात पुस्तके बांधणारे नजीरभाई दारात आले. यजमानांच्या धड्यांची जुनी वही त्यांनी नव्या पुठ्ठ्यात बांधून आणली होती. माझे हात ओले, म्हणून म्हटले, "ठेवा तिथेच." त्यांनी ती हंड्याशेजारच्या पाटावर ठेवली. पाट ओला आहे हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. सैपाकाकडे जाऊन आले आणि वही उचलली, तर पुठ्ठ्याचा कोपरा फुगून उकलला होता, आणि आतल्या थरात माझे अक्षर होते.

त्या सकाळमुळे हा कागद आज लिहीत आहे. नाहीतर आणखी दोन वर्षे थांबणार होते.

आता रीतीप्रमाणे. मी द्वारकाबाई, भ्रतार कै. हरि चिंतामण चांदवडकर, वय वर्षे छप्पन्न, धंदा घरकाम, राहणार तांबट आळी, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, चष्म्याने बारीक अक्षर दिसते. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलूनही लिहवून घेतलेले नाही. गोड बोलणाऱ्याला मी ओसरीच्या आत घेत नाही. यजमानांचे नाव वर लिहिले ते कायद्याला लागते म्हणून. तोंडाने घेतले ते एकदाच, लग्नात, बायकांनी दार अडवले तेव्हा. पुढे जिथे "हे" किंवा "यांनी" असे येईल तिथे त्यांनाच समजावे.

कलम पहिले, हा कागद कसा वाचावा याविषयी. माझ्या मागे तो याच घराच्या ओसरीवर मोठ्याने वाचावा. वाचणारा नात्यातला नसावा. समोर कुसाबाईला बसवावे. ती निरक्षर आहे, पण मी तिला या कागदाचा कच्चा खर्डा सात वेळा वाचून दाखवला आहे आणि तिचे पाठांतर माझ्याहून चांगले आहे. एक ओळ गाळली तरी ती बोलेल.

असा संशय का, तेही लिहिते. सन १९०८ साली हे जपानला गेले. पत्रे मोठ्या दिरांच्या नावे येत. ते झोपाळ्यावर बसून वाचून दाखवत : "प्रकृती ठीक आहे. थंडी फार आहे." पत्र चार पानांचे आणि बातमी एवढीच. तिसऱ्या पत्राला माझ्या मनात आले की एवढी शाई थंडीवर कोण खर्च करील? मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून अक्षरे ओळखायला लागले. हळद आली की एक अक्षर, हिंग आला की दुसरे. अकरा महिने लागले. मग एके दुपारी दिरांच्या पेटीतली पत्रे काढून वाचली. पहिल्याच पत्रात होते : "घरच्या मंडळींना लिहावाचायला शिकवावे. परत आल्यावर माझे लिहिलेले वाचणारे माणूस मला घरात हवे." दुसऱ्यातही तेच. पाचव्यात, माझे मागणे का मनावर घेतले जात नाही, असा राग. त्या दिवसापासून माझ्यासाठी दुसऱ्याने वाचावे हे मी बंद केले.

कलम दुसरे, घर. हे घर यांच्या स्वतःच्या कमाईचे, वडिलोपार्जित नव्हे, आणि यांनी ते मृत्युपत्राने मला दिलेले आहे. ते मी मोठ्या दिरांचा मुलगा अनंता यास देते. बापाने वाचताना गाळले त्याचा दोष मुलावर नाही. तरी विश्वास नाही, म्हणून अट घालते : मागची खोली आणि चूल कुसाबाईकडे ती जिवंत असेपर्यंत राहील, आणि तिच्याकडून भाड्याच्या नावाने काम करून घ्यायचे नाही. जपानची ती एकोणतीस पत्रेही अनंतालाच. गाळलेल्या ओळींखाली मी तांबड्या पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. त्याने ती एकदा मोठ्याने वाचावी. घरात कोणी नसताना वाचली तरी चालेल.

कलम तिसरे, चिठ्ठ्या. हे कलम मुख्य आहे.

हे नेमके काय काम करत असत, असे आळीत अजून विचारतात. शेजारचे सोमा तांबट म्हणायचे, "वहिनी, आम्ही तांबं ठोकतो तर नदीपर्यंत आवाज जातो. मास्तर दिवसभर काय ठोकतात ते ऐकूच येत नाही." तर ते लिहिते. हे आधी कलकत्त्यास गणित शिकवायला गेले आणि तिथे बंगालीच्या नादी लागले. मग जपानात पाच वर्षे. तिथे व्यापाऱ्यांच्या कारकुनांना बंगाली आणि हिंदी शिकवायची आणि त्यांच्याकडून जपानी घ्यायची. परत आल्यावर कलकत्त्याच्या एका कॉलेजात चौदा वर्षे बंगाली मुलांना जपानी शिकवली. तेव्हा मी बरोबर होते. दम्याने छाती धरली तेव्हा, सन १९२७ साली, आम्ही नाशिकला आलो.

यांच्या वर्गात पहिला महिना व्याकरण नसे. मुलाच्या हातात एखादी वस्तू द्यायची, झाकण, दोर, मूठभर तांदूळ, आणि तिच्याविषयी जे बोलता येईल ते सारे बोलायला लावायचे. तांदळाचा धडा यांचा लाडका. बंगाली माणूस शेतात धान म्हणतो, कोठीत चाल आणि ताटात भात. जपानी माणूस शेतात इने, कोठीत कोमे आणि ताटात गोहान. यांनी मला विचारले, "आणि आपल्याकडे?" मी भाकरी थापत होते. म्हटले, "शेतात साळ, सुपात तांदूळ, पानात भात. आणि कांडताना मोडते ती कणी, तिला का विसरलात?" यांनी भाकरी उतरायच्या आत मला कागद पेन्सील दिली. ती आमची पहिली चिठ्ठी.

पुढे चिठ्ठ्या लिहिणे माझ्याकडेच आले, कारण यांचे अक्षर यांना स्वतःलाही लागत नसे. शाई मात्र यांची. जपानहून आणलेली काळी वडी दगडावर पाण्यात उगाळायची आणि बारीक कुंचल्याने लिहायचे. ही शाई वाळली की पाण्याने जात नाही. रॉकेलचे डबे कापून केलेले बारा डबे भरले. यांचा नियम एकच होता : ज्या शब्दाला तोंड नाही तो शब्द डब्यात जाणार नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात सांगणाऱ्याचे नाव आणि गाव यायलाच हवे. यांनी जपानात जिच्याकडून शब्द घेतले ती तोक्योची ओहारू तिथे आहे. कलकत्त्याची मोक्षदा मासळीवाली आहे. आम्ही मासळी खात नाही, तरी मी रोज तिच्यापाशी उभी राही. ती म्हणे, "तुमि किछुइ किनबे ना, शुधु कथा नेबे?" म्हणजे विकत काही घेणार नाहीस, नुसते बोलणे घेऊन जाणार? नाशिकला आल्यावर कुसाबाई आली. ती पेठकडच्या डोंगरातली, भातशेतीतली. राब भाजणे म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळणे, आवण लावणे म्हणजे भाताची रोपे लावणे, हे सारे शब्द तिचे. कोपऱ्यात "कुसाबाई, पेठ" असे लिहिलेले आहे.

माझ्या शब्दांच्या चिठ्ठीवर कोपरा कोरा असे. बायकोचे नाव घेणे यांना जमत नव्हते, आणि माझे मी लिहावे हे मला सुचले नाही. माझा शब्द आला की हे जरा हसत आणि कागद तसाच डब्याकडे सरकवत. कोरा कोपरा म्हणजे मी, हे दोघांना ठाऊक होते. तिसऱ्याला सांगायची वेळ आली नाही, आणि तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात दोघांतले एक माणूस गेले.

यांचे विद्यार्थी भास्करराव क्षेमकल्याणी पुण्याच्या कॉलेजात शिकवतात. या चिठ्ठ्यांचे पुस्तक करायचे म्हणून ते दर सुटीत येऊन माडीवर बसतात. पहिल्याच सुटीनंतर मला डबे हलके लागले. मी वितीने मापले. उन्हाळ्यात दोन बोटे कमी, दिवाळीत आणखी तीन. झाकणावर केरसुणीची काडी ठेवून पाहिली, ती रोज जागची हलत होती. माझी खात्री झाली की हा माणूस चिठ्ठ्या पुण्यास नेतो आहे आणि एक दिवस स्वतःच्या नावाने छापणार. कुसाबाईकडून त्यांची बॅग उघडवली. ती खाली येऊन म्हणाली, "धोतर हाय, दाढीचं सामान हाय, अन् तुमचेच चार लाडू हायत. कागद नाय, बाई."

"नीट पाहिलंस?"

"लाडूबी मोजले. पाच व्हते, एक मी खाल्ला."

मग त्या सकाळी पुठ्ठा उकलला. मी नजीरभाईंना विचारले, हा कागद तुमच्याकडे कसा आला.

ते म्हणाले, "माजी, प्रोफेसरसाहेबांनी दिला. दोन टोपल्या रद्दी होती. बोलले, पुठ्ठ्याला वापरा. कागद जाड आहे, खळ चांगली धरतो." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी टोपी काढली. "काही चुकलं काय, माजी?"

मी भास्कररावांना माडीवरून खाली बोलावले आणि वही पुढे धरली. "या चिठ्ठ्या रद्दी कोणी ठरवल्या?"

"सरांनीच, काकू," ते शांतपणे म्हणाले. "त्यांचाच नियम. कोपऱ्यात नाव नाही तो शब्द डब्यात नाही. अशा हजाराच्या वर निघाल्या. मला स्वतःला वाईट वाटलं."

"अक्षर कोणाचे आहे?"

"तुमचंच. ते सांगायचे, तुम्ही उतरवून घ्यायचात."

"ते विचारायचे. सांगायची मी."

त्यांनी चष्मा पुसला. "काकू, मी नाही म्हणत नाही. पण उद्या मला कोणी विचारलं, याला आधार काय, तर मी काय दाखवू? कोरा कोपरा?"

यावर बोलली ती कुसाबाई, सड्याची बादली खाली न ठेवता. "मी हाय की आधार. मी समोर बसून शेंगा सोलत व्हते. माझा शबूद निघाला की मालक म्हणायचे, लिवा, कुसाबाई, पेठ. बाईचा निघाला की नुसते हसायचे अन् कागद सरकवायचे. मी एकदा इचारलं, मालक, माझं नाव हाय, बाईचं का नाय? तर म्हनले, अगं, तिचं नाव घेतलं तर उखाणा घालावा लागेल."

भास्करराव हसले नाहीत. मग म्हणाले, "प्रस्तावनेत लिहितो. सहधर्मचारिणीचं मोलाचं साहाय्य झालं, असं."

मी म्हटले, "साहाय्य विहिरीचा रहाट करतो, भास्करराव."

माझा तीन वर्षांचा संशय खोटा ठरला, हे येथे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. त्यांनी एकही चिठ्ठी चोरली नाही. पण चोराकडून माल परत मागता येतो. प्रामाणिक माणसाने नियमाने फेकून दिलेले कुठे मागायचे?

सबब चिठ्ठ्यांची व्यवस्था अशी. बारा डबे भास्कररावांना द्यावे, कारण बंगाली आणि जपानी दोन्ही जाणणारा आणि यांच्यावर माया असणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. डब्यांना कुलपे घालून किल्ल्या मात्र नजीरभाईंकडे राहतील, आणि एका वेळी एकच डबा उघडेल. पुस्तक छापताना प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचे नाव छापले पाहिजे. ओहारूचे, मोक्षदाचे, कुसाबाईचे आणि माझे. एकाचे जरी गाळले तर डबे परत घेऊन गावातल्या वाचनालयात ठेवावे. पोस्टात माझे जे काही असेल ते या छपाईसाठी आहे.

कलम चौथे, शाईचा दगड आणि वडी. वडी झिजून नखाएवढी उरली आहे. दगड कुसाबाईची नात भागी, जी यंदा शाळेत जाऊ लागली, तिला द्यावा. वडीचे मी पाहते.

कलम पाचवे. या कागदात मी कोठेही कोरी जागा ठेवलेली नाही. ओळ जिथे संपली तिथून पानाच्या कडेपर्यंत रेघ मारली आहे. वकील म्हणाले, कोऱ्या जागेत कोणी काहीही घुसडते. मला उलटे ठाऊक आहे. कोऱ्या जागेतून माणूस काढून टाकता येते.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले, खालील दोघांसमोर सही केली, आणि दोघांनी माझ्यासमोर केली. मुक्काम नाशिक, गुरुवार, तारीख १८ नोव्हेंबर १९३७, कार्तिकी पौर्णिमा, शके १८५९.

सही : द्वारकाबाई भ्रतार हरि चांदवडकर, दस्तुर खुद्द

साक्ष : नजीर वल्द सलाउद्दीन, पुस्तकबांधणी, नाशिक
साक्ष : सोमा बिन काळू तांबट, तांबट आळी, नाशिक

कुसाबाई हिचा डाव्या हाताचा अंगठा. ही साक्ष नव्हे, कारण तिला या कागदाने खोली मिळते. तिने सर्व ऐकले, एवढ्यासाठी.

सह्या झाल्यावर तळाशी चार बोटे जागा उरली. ती कोरी ठेवणार नाही, म्हणून साक्षीदार बसलेले असतानाच लिहिते. पुठ्ठा उकलला त्या सकाळी नजीरभाईंनी दुकानातले सारे पुठ्ठे आणून दिले. दुसऱ्या दिवशी मी ते कोमट पाण्यात भिजत घातले, चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या आणि ओसरीत दोरीवर वाळवल्या. शाई गेली नव्हती. मग आज, या सह्या झाल्यावर, उरलेली वडी उगाळून तांदळाच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिले : द्वारका, नाशिक.