पलीकडची मळई

श्रावण व. ४, शके १८५५
…तिसरी मेखही वाहून गेली. बाबा छातीइतक्या पाण्यात, मी वरून दोर धरलेला. बाभळीच्या मेखा ठोकून निरगुडीचा कूड घातला की काठ तगेल, ही त्यांची आशा.
"ओढू नोको बे, अजून एक ठोकतो."
ओढलंच. ते वर आले आणि वांग्याचा एक वाफा आवाज न करता अडाण नदीत बसला.

व. ७
पूर ओसरला. आमच्या काठाशी नदी वळते. इकडे खणते, पलीकडे पाणी दमतं आणि आणलेलं तिथं टाकतं. खाली वाळू, वर पोयटा. तो काठ माझ्या बहिणीच्या, अंबूच्या सासरचा. यंदा तिच्याकडे गाळाची नवी मळई पडली आहे. काळी. पाय घोट्यापर्यंत जातो.

व. ८
जावई गणपतराव आले. हसत: "मामाजी, तुमचं वावर आमच्याकडं नांदाले आलं."
बाबा: "पोरगी देली होती. वावर नोतं देलं."
मग गणपतराव गंभीर झाले. "तुमीच लावा ना तिथं. पीक तुमचं."
बाबा सुपारी कातरत राहिले.
लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. अंबूला मूल नाही. तिथं पिकलेलं कसं खाणार?

पोळा
पुन्हा पूर. एकच पट्टी उरली, तीही खालून पोकळ. म्हणालो, यंदा वांगी राहू द्या.
"मंग काय करू? बसून राहू?"
मग तेच म्हणाले, "हे माती तरी आपली कुठं होती. वरच्या गावाची असन कोनाची." समजूत कोणाची घालत होते…

भाद्रपद शु. ८
दुपारी पट्टी गेली. अंगणात वांग्याची रोपं तयार. आता लावली नाहीत तर वाया. लावायला जागा नाही.
संध्याकाळी अंबू पलीकडून ओरडत होती, "बाबा! वाफसा आला, माती लावण्याजोगी झाली! या ना!"
"काहून बोंबलते ते पोरगी," बाबा म्हणाले. पण हलले नाहीत. अंधार पडेपर्यंत काठावर.

शु. ९
सकाळी बाबा रोपांची टोपली डोक्यावर घेऊन नदी उतरले. मी या काठावरून पाहिलं. ऊन चढेपर्यंत त्यांनी मळईवर रोपं लावली. अंबूनं पाण्याचा तांब्या आणला. बाबांनी तो घेतला, शेवटच्या रोपाच्या बुडाशी ओतला, तिला परत दिला. घरी येऊन रांजणातलं पाणी प्याले.